वाचकांचे प्रश्न : लांबचा रस्ता आणि मागच्या सीटवरची मुले

परीक्षा संपत आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. अभ्यास आणि गुण मागे पडतात आणि आजोळ, लग्नकार्ये, देवदर्शन यांची लगबग सुरू होते. या वेळी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातून आलेल्या पत्रांत एकच विषय वारंवार आला, तो म्हणजे गाडीतून लांब जाताना लहान मुलांना रमवायचे कसे. म्हणून हे सदर पूर्णपणे त्यालाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे सासर बेळगाव आणि माहेर पुणे. मुलगा सात वर्षांचा व मुलगी चार वर्षांची आहे. प्रत्येक सुट्टीत आम्ही आमच्या गाडीने पुण्याला जातो. मी खेळण्यांची मोठी पिशवी भरून घेते, पण संकेश्वर येईपर्यंत ती रिकामी होते आणि मग ‘पुणे कधी येणार?’ हा जप सुरू होतो, तो कात्रजपर्यंत थांबत नाही. काय करावे? (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : ताई, आपल्या मुलीचा प्रश्न हट्टाचा नाही. बेळगाव ते पुणे हे अंतर साधारण ३४० किलोमीटर आहे आणि थांबे धरून सहा-सात तास सहज लागतात. ‘अजून पाच तास’ हे उत्तर मोठ्यांना कळते. चार वर्षांच्या मुलीला पाच तास आणि पाच दिवस यांत फारसा फरक वाटत नाही, म्हणून ती दर दहा मिनिटांनी पुन्हा विचारते. तिला वेळ सांगण्याऐवजी ठिकाणे सांगावीत, आणि ती ठिकाणे तिला स्वतः डोळ्यांनी ओळखता यावीत अशी असावीत.

आपल्या रस्त्यावर यासाठी नद्यांइतके सोयीचे दुसरे काही नाही. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या पाठकोऱ्या बाजूची एक लांब पट्टी कापावी, तिच्यावर एक सरळ रस्ता काढावा आणि तो ओलांडणाऱ्या निळ्या रेघा मुलांकडूनच रंगवून घ्याव्यात. बेळगाव सोडताच काकतीजवळ मार्कंडेय, संकेश्वरला हिरण्यकेशी, निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा, कागलच्या अलीकडे दूधगंगा, कोल्हापूरच्या बाहेर शिरोलीजवळ पंचगंगा, किणीच्या पुढे वारणा, कराडला कोयना, मग सातारच्या अलीकडे-पलीकडे उरमोडी, वेण्णा आणि खुद्द कृष्णा, आणि शेवटी शिरवळजवळ नीरा. पूल आला की नाव वाचायचे आणि त्या रेघेवर खूण करायची. ‘पुणे कधी येणार?’ या प्रश्नाचे उत्तर मग ‘नीरा झाली की’ असे देता येते, आणि किती रेघा उरल्या आहेत ते मुलगी स्वतः मोजते.

सात वर्षांच्या मुलासाठी याच पट्टीत पुढचा खेळ दडलेला आहे. यातली प्रत्येक नदी कृष्णेला कुठे मिळते, ते त्याला शोधायला लावावे. कोयना कराडच्या प्रीतिसंगमावर मिळते, वेण्णा संगम माहुलीला, वारणा सांगलीजवळ हरिपूरला, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला. वेदगंगा आधी दूधगंगेत जाते आणि मग दोघी मिळून कृष्णेकडे जातात. मार्कंडेय आणि हिरण्यकेशी घटप्रभेच्या वाटेने तिथेच पोहोचतात. नीरा तेवढी वेगळी वाटते, पण ती भीमेला मिळते आणि भीमाही अखेर कृष्णेलाच. म्हणजे आपली गाडी दिवसभर एकाच नदीच्या लेकी ओलांडत असते. हे एकदा मुलाच्या ध्यानात आले की तो ते पुण्याच्या मामाला ऐकवल्याशिवाय राहणार नाही, आणि सांगायला काही मिळणे हीच या वयातल्या मुलाची खरी करमणूक असते.

खेळण्यांच्या पिशवीबद्दल माझे मत थोडे कडक आहे. ती पिशवी मुलांच्या हाती देऊच नये. ती आपल्या पायाशी ठेवावी आणि त्यातून एका वेळी एकच वस्तू बाहेर काढावी. पहिली परत आल्याशिवाय दुसरी द्यायची नाही. टणक, जड आणि टोकदार खेळणी घरीच ठेवलेली बरी, कारण अचानक ब्रेक लागला तर हीच खेळणी गाडीत भिरकावली जातात. कापडी बाहुली, चिकटवायची चित्रे, पाटी किंवा पुसता येणारा छोटा फळा पुरेसा होतो. खडूची पेटी मात्र एप्रिल-मे महिन्यात गाडीत विसरू नये. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मेणाचे खडू वितळून सीटवर जे नक्षीकाम होते ते सहज निघत नाही.

मोठ्या मुलासाठी गाड्यांच्या नंबरपाट्याही उत्तम. केए २२ बेळगावची, २३ चिक्कोडीची, ४९ गोकाकची. कागल ओलांडले की एमएच ०९ कोल्हापूरच्या गाड्यांची दाटी होते, मग सांगलीची १०, कराडची ५०, सातारची ११ आणि पुढे पुण्याची १२. कुठल्या गावापासून कुठली पाटी जास्त दिसू लागली, हे त्याला वहीत टिपू द्यावे. लहानगीला आकडे जमत नसतील तर तिला उसाच्या ट्रॉल्या मोजायला द्याव्यात. साखर कारखान्यांच्या हंगामात संकेश्वर-निपाणी पट्ट्यात तिला कमी पडणार नाहीत.

दर दोन तासांनी थांबणे आवश्यक आहे आणि हा थांबा खाण्यासाठीच नसावा. आपण हॉटेलात शिरतो, मुलांना पुन्हा खुर्चीत बसवतो आणि पुन्हा गाडीत बसवतो. त्यांचे पाय मोकळे होतच नाहीत. कोल्हापूर आणि सातारा हे दोन थांबे धरले तर दोन्ही ठिकाणी पंधरा मिनिटे रस्त्यापासून दूर, सुरक्षित मोकळ्या जागेत पळापळ होऊ द्यावी. सातारला अजिंक्यतारा दिसतो, त्याआधी कराडजवळ तळबीडच्या डोक्यावरचा वसंतगड दिसतो. तळबीड हे हंबीरराव मोहिते यांचे गाव. शाळेत शिवकाल शिकणाऱ्या मुलाला एवढा धागा दिला की पुढचा अर्धा तास प्रश्न त्याचे आणि उत्तरे आपली. तेवढी तयारी आपणही करून ठेवावी.

प्रश्न : आम्ही खानापूरचे. यजमान गोव्यात नोकरीला असल्याने जांबोटी, कणकुंबी, चोर्ला मार्गे नेहमी जाणे होते. पाच वर्षांच्या मुलाला घाटात गाडी लागते. एकदा उलटी झाली की तो रडतो, आम्हीही वैतागतो. त्याचे मन दुसरीकडे वळावे म्हणून चित्रांची पुस्तके देते, तरी उपयोग होत नाही. (खानापूर)

उत्तर : पुस्तके द्यायचे थांबवावे, हे पहिले. गाडी लागण्याचे कारण पोटात कमी आणि कानात जास्त असते. कानाच्या आत तोल सांभाळणारे जे इंद्रिय आहे, ते मेंदूला सांगते की शरीर वळते आहे, हलते आहे. त्याच वेळी पुस्तकावर किंवा फोनवर खिळलेले डोळे सांगतात की सगळे स्थिर आहे. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते. साधारण दोन ते बारा वर्षे या वयात हा त्रास अधिक असतो आणि पुढे पुष्कळांचा तो आपोआप कमी होतो. मुलाला दटावून काही होत नाही, कारण त्याच्या हातात काही नसते.

म्हणून घाटातले खेळ हे डोळे दूर ठेवणारे आणि तोंडाने खेळायचे असावेत. मुलाला अशा जागी बसवावे की समोरच्या काचेतून दूरचा रस्ता दिसेल. मागच्या सीटवर मधल्या जागी पूर्ण पट्टा असेल तर ती जागा चांगली. मग ‘पुढचे वळण डावीकडे की उजवीकडे?’ हा एकच खेळ चोर्ल्यात पुरून उरतो. वळण आधी ओळखले की शरीरही त्यासाठी तयार होते. गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, त्याचे कारणही हेच. काच थोडी खाली करून वारा घ्यावा. गाडीतला उग्र सुगंधी डबा काढून टाकावा, अनेकदा निम्मा त्रास त्याचाच असतो.

खाण्याबाबत आपल्याकडे दोन टोके आहेत. कुणी मुलाला उपाशी नेतात, कुणी निघताना पुरी-भाजी आणि वर कुंदा खाऊ घालतात. दोन्ही चुकीचे. निघण्यापूर्वी तासभर आधी थोडा मऊ भात, इडली किंवा दशमी असे हलके काही द्यावे, वाटेत पाण्याचे घोट द्यावेत. आलेपाकाचा लहान तुकडा काहींना बरा वाटतो. मुलाला वर्तमानपत्रावर बसवण्याचा उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो; त्याने अपाय नाही आणि उपायही नाही, वाचणाऱ्याचा पेपर तेवढा जातो. उलटी थांबवणारे औषध मात्र शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून देऊ नये. मुलाचे वय आणि वजन पाहून डॉक्टरच ते ठरवतात, आणि बहुतेक औषधे घाट सुरू झाल्यावर देऊन उपयोग नसतो, ती आधी द्यावी लागतात.

घाटाच्या अलीकडे कणकुंबीला थांबण्याची सवय लावावी. तिथे मलप्रभेचा उगम आहे. मुलाला उगम दाखवावा आणि सांगावे की हे पाणी पूर्वेला जाते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि पार बंगालच्या उपसागरात पोहोचते. आणि आपल्याच खानापूर तालुक्यात उगवणारी म्हादई मात्र पश्चिमेला वळून गोव्यात, आपले बाबा राहतात तिकडे, अरबी समुद्राला जाते. घाट उतरताना ‘आता आपण म्हादईच्या बाजूला आलो’ हे वाक्य पाच वर्षांच्या मुलाला कळते. पोटही तेवढ्यात स्थिरावते. गाडीत दोन-तीन जाड पिशव्या, ओला नॅपकीन आणि एक जादा शर्ट हाताशी असावा, डिकीत तळाला नव्हे. आणि उलटी झालीच तर तिचा बोभाटा करू नये. ‘ईऽऽ’ म्हणणारे काका-मामा गाडीत असतील तर त्यांना आधीच समज द्यावी.

प्रश्न : बेंगळूरला जाताना दोन्ही मुलांच्या हाती फोन दिला की नऊ-दहा तास गाडीत शांतता असते. घरी आम्ही शिस्त पाळतो. प्रवासापुरती सूट दिली तर काय बिघडते? (चिक्कोडी)

उत्तर : मुलांची वये आपण कळवलेली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एक वर्षाच्या मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची मर्यादा आहे, तीही कमी असेल तितकी चांगली. मुले याहून मोठी असतील तर एखाद्या प्रवासात दोन चित्रपट पाहिल्याने आभाळ कोसळत नाही, हेही मी स्पष्ट सांगते. अडचण वेगळी आहे. फोन हाती असलेले मूल प्रवास संपला तरी फोन सोडत नाही, आणि भांडण हुबळीऐवजी बेंगळूरला पाहुण्यांच्या दारात होते. शिवाय वरच्या उत्तरात सांगितलेली मळमळ पडद्यानेही होतेच.

फोन द्यायचाच असेल तर तो सुरुवातीला देऊ नये. सकाळचे ताजे तास बोलण्या-खेळण्यात जातात. दुपारी ऊन चढल्यावर, जेवण झाल्यावर आणि मोठ्यांचाही धीर सुटू लागल्यावर त्याची खरी गरज पडते. तोपर्यंत तो राखून ठेवावा. किती वेळ, हे गाडीत बसण्यापूर्वी ठरवावे आणि वेळेऐवजी गावाने ठरवावे : राणेबेन्नूर ते दावणगेरे असे सांगितले की वाद घालायला जागा राहत नाही.

त्याहून चांगला एक उपाय आहे. घरातल्या आजीकडून किंवा आत्याकडून आठवडाभर आधी दोन-तीन गोष्टी फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात, अगदी ‘अरे ऐकतोयस ना?’ या तिच्या विचारण्यासह. गाडीच्या स्पीकरवर ओळखीचा आवाज लागला की मुले ऐकतात आणि डोळे खिडकीबाहेर राहतात.

प्रश्न : माझी नातवंडे बेंगळूरला शिकतात. घरी मराठी बोलतात, शाळेत कन्नड व इंग्रजी. सुट्टीत मी त्यांना कोल्हापूर, जोतिबा, पन्हाळा असे गाडीने फिरवतो. वाटेत त्यांच्याशी काय खेळावे, म्हणजे मराठीही कानावर पडेल आणि शिकवणी वाटणार नाही? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : आजोबा, आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे, शिकवणी वाटू नये ही काळजी आपल्याला आहे, ती पुष्कळ आई-वडिलांना नसते.

गावांच्या भेंड्या खेळाव्यात. शेवटच्या अक्षराने पुढचे गाव सुरू करायचे, एवढाच नियम. खानापूर म्हटले की रायबाग, मग गोकाक, काकती, तवंदी, देवगड, डिचोली, लोंढा. इथे मुले अडतात, कारण ‘ढ’ने सुरू होणारे गाव चटकन आठवत नाही; तेव्हा आपण कराडकडची ढेबेवाडी काढावी आणि दोन गुण खिशात टाकावेत. निपाणी आली की नवा पेच पडतो. ‘ण’ने काहीच सुरू होत नाही, तेव्हा ‘न’ चालेल असे ठरवावे लागते, आणि हे ठरवताना गाडीत जो वाद रंगतो तो खेळापेक्षा कमी गमतीचा नसतो. गाव कर्नाटकातले, महाराष्ट्रातले की गोव्यातले याचे बंधन ठेवू नये. नातवंडांना कन्नड गावे जास्त ठाऊक असतील तर ती आनंदाने घ्यावीत. त्यामुळे पोरे जिंकतात आणि खेळ टिकतो.

रस्त्यावरच्या पाट्या हे दुसरे साधन. कागलपर्यंत सरकारी पाट्या कन्नडमध्ये असतात, तेव्हा नातवंडांनी आपल्याला वाचून दाखवाव्यात. कागल ओलांडले की देवनागरी सुरू होते, तेव्हा पाळी उलटवावी. एसटीच्या पाट्या आणि ट्रकच्या मागची वचने वाचण्यात मुलांना विशेष रस असतो. त्यातली काही वचने आजोबांनाही ऐनवेळी न दिसल्यासारखे करावे लागते. किलोमीटरच्या दगडाचा रंगही ओळखायला सांगावा : पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या माथ्याचा राज्यमार्गाचा. कोल्हापूर सोडून जोतिबाकडे वळताना डोळे उघडे ठेवले की रस्ता बदलल्याचे दगडच सांगतात.

परतीच्या वाटेवर मुले दमलेली असतात, तेव्हा भेंड्या नकोत. गोष्ट सांगावी, आणि ती आपल्या लहानपणीची असली तर उत्तम.

प्रश्न : बाळ दीड वर्षाचे आहे. खुर्चीत बांधले की रडते, म्हणून मी त्याला पुढच्या सीटवर मांडीवर घेते, मग ते बाहेर बघत छान रमते. सासूबाई म्हणतात, यात काय चुकले? (निपाणी)

उत्तर : आपल्या सासूबाईंचा मान राखूनही सांगावे लागेल की हे धोक्याचे आहे. जोरात ब्रेक लागला तर मांडीवरचे बाळ कुणाच्याही हातांना धरून ठेवता येत नाही, आणि पुढची एअरबॅग उघडली तर तिचा पहिला मार बाळाला बसतो. २०१९ मध्ये दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. पण दंडाचा विचार बाजूला ठेवला तरी बाळाची जागा मागच्या सीटवर, मागे तोंड असलेल्या बालआसनातच आहे. छताच्या उघड्या झडपेतून मुलांना उभे करण्याची जी हौस हल्ली महामार्गावर दिसते, तिच्याबद्दल न बोललेले बरे.

रडण्यावर उपाय सवयीचा आहे. प्रवासाच्या आधी काही दिवस घरातच त्या खुर्चीत बसवून खाऊ घालावे, गल्लीत छोटी फेरी मारावी. बाळाच्या शेजारी आपण मागे बसावे. दीड वर्षाच्या बाळाला देखावा नको असतो, आपला चेहरा हवा असतो. निघण्याची वेळ त्याच्या झोपेशी जुळवावी. चालत्या गाडीत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, गोळ्या देऊ नयेत, घशात अडकतात. भडंग मोठ्यांनी खावे. आणि चहासाठी उतरताना, दोन मिनिटांसाठीसुद्धा, झोपलेल्या बाळाला बंद गाडीत एकटे ठेवू नये. आपल्याकडच्या उन्हात गाडी फार लवकर तापते.

प्रश्न : आमची दोन आणि दिराचा एक अशी तीन मुले मागे बसतात. खिडकी कुणाची आणि गाणे कुणाचे, यावरून बेळगाव ते पुणे युद्ध चालते. (वडगाव, बेळगाव)

उत्तर : दोन्हींचा निवाडा वेगवेगळा करावा. जागा फक्त थांब्यावर बदलायची, चालत्या गाडीत पट्टा सोडायचा नाही. टोलनाक्यावरही नको, फास्टॅगमुळे गाडी तिथे नीट थांबतच नाही.

गाण्याची पाळी मात्र टोलनाक्यांवर सोपवावी. हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे सहा नाके लागतात, म्हणजे प्रवासाचे सात टप्पे होतात. तिघांना दोन-दोन टप्पे वाटून द्यावेत आणि सातवा गाडी चालवणाऱ्याला.